बाबांच्या चुकांची यादी

शनिवार, ४ सप्टेंबर २००४. सान रामोन

आज बाबांसमोर आमचा कार्यक्रम पहिल्यांदा उघडून ठेवला आणि तिसऱ्याच प्रश्नाला मी तोंडघशी पडले.

आमचा कार्यक्रम म्हणजे 'वेसिनो'. शेजारी. घरच्या कॉम्प्युटरसाठी आम्ही पाच जण मिळून एक फुकटची यंत्रणा बांधतोय, आणि त्यातल्या सगळ्या सेटिंगची खिडकी माझ्या गळ्यात आहे. पडदा, प्रिंटर, घड्याळ, इंटरनेट, घरातली माणसं. मारियेलोस आमची मुख्य. तिचा नियम एकच. घरातल्या कोणाही माणसाने, कोणालाही हाक न मारता, तासाभरात हे सगळं लावून दाखवलं पाहिजे. डिसेंबरच्या चार तारखेला वाचनालयाच्या हॉलमध्ये पाच साधी माणसं बसवून सगळ्यांदेखत परीक्षा. त्या पाचांत बाबा.

बाबा एकाहत्तर वर्षांचे, एकतीस वर्षं पोस्टमन. मारियेलोस म्हणते, "ओतोनियलकाकांना जमलं तर देशात सगळ्यांना जमलं."

तर तिसरा प्रश्न. इंटरनेटच्या खिडकीत एक रिकामी चौकट आहे आणि तिच्यापुढे लिहिलंय 'पत्ता'. तिथे चार आकडे घालायचे असतात. बाबांनी चष्मा सारखा केला आणि दोन बोटांनी सावकाश लिहिलं: 'जुन्या उंबरापासून शंभर मीटर दक्षिणेला, पंचवीस पूर्वेला, हिरवं फाटक.'

मला हसू आवरेना. बाबा रागावले. "दात काय काढतेस? पत्ता विचारला, पत्ता दिला. उंबर कुठला ते त्याला माहीत नसेल तर तो इथला नव्हे."

उंबर १९७४ साली पाडला. मी तेव्हा पाच वर्षांची होते. त्या जागी बँक आहे. तरी सगळं गाव घराची वाट अजून उंबरापासूनच मोजतं, मीसुद्धा.

रविवार, ५ सप्टेंबर

सकाळी बाबांनी कापडी गाळणीतून कॉफी पाडली, आईसारखीच, उंचावरून. मी विचार करत होते. चूक त्यांची नाहीच. 'पत्ता' हा शब्द इथल्या माणसाला विचारला तर तो हेच उत्तर देणार. चौकटीवरचा शब्द बदलला. आता तिथे असं आहे: 'इंटरनेट कंपनीने दिलेल्या कागदावर चार आकडे आहेत, ते इथे लिहा.' बाबांनी कागद काढला, लिहिले, आणि मागे रेलून बसले. "हं. आता माणसासारखा बोलला."

एक वही केली आहे. डावीकडे बाबांची चूक, उजवीकडे आमची दुरुस्ती. मारियेलोसने फोनवर बाकीच्या चौघांसाठीही अशाच वह्या करायला सांगितल्या आहेत.

खरं सांगायचं तर माझा यात स्वार्थ आहे. आई जाऊन सहा वर्षं झाली. शेजारच्या निदियाकाकू दर भेटीला तेच म्हणतात, "सीनिया, त्यांना तुझ्याकडे सान होसेला घेऊन जा." बाबांना हे घर सोडायचं नाही. ते म्हणतात, मला काय धाड भरली आहे? एकटे यंत्र लावतात, एकटे पत्रं लिहितात, एवढं चारचौघांत दिसलं की मग कोणी काही बोलायचं कारण उरणार नाही.

सोमवार, २० सप्टेंबर

शनिवारी प्रिंटर. आमच्या धंद्यात, दुसरं काही सांगितलं नसेल तर यंत्र जो प्रिंटर आपणहून धरतं, त्याला एक शब्द आहे. स्पॅनिशमध्ये सगळेच तो वापरतात, पण सरळ वाचला तर त्याचा अर्थ होतो 'दोषामुळे'. दहा वर्षं मी हा शब्द बघतेय आणि एकदाही माझ्या डोक्यात आलं नाही.

बाबा थबकले. "दोषाचा प्रिंटर? नवा कोरा आणलास ना?"

"दोष नाही हो. म्हणजे तो जो नेहमी वापरायचा तो."

"मग 'नेहमीचा' म्हणायला काय झालं? मी बेकरीत जाऊन दोषाचा पाव मागतो का? नेहमीचा द्या म्हणतो."

आज ऑफिसात हे सांगितलं तेव्हा मारियेलोस उठून उभी राहिली. साऱ्या खिडक्यांत आता 'नेहमीचा प्रिंटर', 'नेहमीची भाषा', 'नेहमीचा आवाज'. परीक्षेच्या बाकी चौघांपैकी तिघं त्याच शब्दाला अडली होती. बाबांना न सांगता त्यांचं नाव आम्ही आभाराच्या यादीत घातलं आहे.

शनिवार, २ ऑक्टोबर

घड्याळाच्या खिडकीत जगाचा नकाशा आहे. आपला देश शोधून त्यावर टिचकी मारायची. बाबा नकाशाला नाक लावून बसले. ठिपका एवढा मोठा की त्याच्याखाली आपला अख्खा देश झाकला जातो, शिवाय थोडा पनामा. "पोस्टात असा नकाशा असता तर एकही पत्र पोचलं नसतं," म्हणाले. नकाशा काढून टाकते. सरळ नावांची यादी देते.

मग तारीख. दिवस बरोबर लावला, महिना बरोबर, आणि वर्ष १९७८. मी म्हटलं, बाबा, वर्ष बघा. त्यांनी बघितलं. माझ्याकडे बघितलं. "हो की," म्हणाले आणि हात मांडीवर ठेवले. वर्षाचे बाण फारच लहान आहेत, एकदा दाबलं की पाच पाच आकडे पळतात. माझाच ढिसाळपणा. वहीत लिहिलं: बाण मोठे करणे.

रविवार, ३ ऑक्टोबर

निदियाकाकूंनी मला कुंपणापाशी गाठलं. म्हणे गुरुवारी बाबा चौकातल्या मोबाइलच्या दुकानात गेले आणि काउंटरवर उभं राहून अर्धा किलो गोड पाव मागितला.

"काकू, तिथे आधी बेकरी होती ना?"

"होती. पण वीस वर्षांपूर्वी, सीनिया."

"मग झालं तर. तुम्ही स्वतः घरी यायची वाट काय सांगता? थिएटरपासून पन्नास मीटर. कुठाय थिएटर?"

मला जरा विजयी वाटलं. उगाच बाऊ करतात. या गावात जे उरलं नाही त्याच्याच आधाराने सगळे चालतात, आणि बाबा तर पोस्टमन. पाकिटांवर लिहिलेलं असायचं, 'आउरिस्तेलाबाईंस, जिथे पूर्वी लोहार होता त्याच्या समोर, गाय बांधलेली असते तिथे.' गाय विकली तरी पत्र पोचायचं. सुट्टीत मी त्यांच्याबरोबर फेरीला जायची. ते दारात उभे राहून शिट्टी फुंकायचे आणि मी पाकीट द्यायची. उन्हात तापलेल्या चामड्याच्या पिशवीचा वास मला अजून येतो. प्रत्येक घरात गुळाचं गरम पाणी प्यावं लागायचं, नाही म्हटलं तर माणसं रुसायची. परतेपर्यंत पोट तुडुंब.

शनिवार, १६ ऑक्टोबर

आज नवी खिडकी: 'या घरात कोण कोण राहतं?' पूर्वी इथे असा काही भयंकर शब्द होता की माणसाला वाटावं, पोलिसात नाव नोंदवतोय. आता नाव लिहायचं, चित्र निवडायचं, आणि मोठं माणूस की मूल ते सांगायचं. बस.

बाबांनी पहिलं नाव स्वतःचं लिहिलं, चित्र बैलगाडीचं निवडलं. मग दुसरं नाव लिहिलं, आईचं. ओर्तेन्सिया. चित्र पांढऱ्या ऑर्किडचं. मोठं माणूस.

मी स्वयंपाकघरात जाऊन नळ सोडला आणि रडून घेतलं. सहा वर्षांनीसुद्धा त्यांना तिचं नाव घराच्या यादीत हवं आहे. असं प्रेम माझ्यावर कोणी केलं नाही. बाहेर आले तर विचारतात, "तिची कॉफी ठेवलीस का?"

"ठेवते," म्हटलं. दोघांची केली. तिची मी प्यायले.

शनिवार, ३० ऑक्टोबर

यादीत आता तीन ओर्तेन्सिया आहेत. तीन ऑर्किडं शेजारी शेजारी. आठवडाभरात बाबांनी खिडकी पुन्हा उघडून पुन्हा पुन्हा नाव घातलं असणार. हा सरळसरळ आमचा दोष आहे, एकच नाव दोनदा घेताच कामा नये. दुरुस्ती: 'या नावाचं माणूस घरात आधीच आहे.'

बाबांनी ते वाक्य वाचलं आणि चेहरा इतका खुलला. "बघ," म्हणाले, "त्यालाही माहीत आहे."

शनिवार, १३ नोव्हेंबर

फार चांगला दिवस. पाऊस गेला, वारा सुटला, कॉफीच्या तोडणीला माणसं जाताना दिसली. बाबांनी पडदा, आवाज, प्रिंटर, इंटरनेट असं सगळं एका दमात लावलं, मला पुढे बोलूच दिलं नाही. एका ठिकाणी मी तोंड उघडलं तर म्हणाले, "तू गप. यंत्र नीट सांगतंय, मध्ये लुडबुडू नकोस." कोणत्याही प्रोग्रामरला याहून मोठं बक्षीस मिळत नाही.

यादीत माझं नावही घातलं. सीनिया. चित्र फुगा. आणि 'मूल'वर टिचकी.

"बाबा, मी पस्तीस वर्षांची घोडी आहे."

ते हसले. मीही हसले. बापाला लेक मोठी झालेली दिसतच नाही.

फक्त वर्ष तेवढं परत अठ्ठ्याहत्तर. बाण मोठे केले, आकडे ठळक केले, शेजारी 'आजची तारीख बरोबर आहे ना?' असंही लिहिलं. त्यांनी 'नाही'वर टिचकी मारून ते मागे नेलं. या कॅलेंडरचं काय करावं कळत नाही. माझ्या आयुष्यात एवढा छळ कोणत्या खिडकीने केला नसेल.

शनिवार, २० नोव्हेंबर

गेल्या मंगळवारी बाबांचा ऑफिसात फोन. आवाज चढलेला. "कोणीतरी घरात शिरून घड्याळ बदलतंय. मी रोज बरोबर करतो, रोज कोणीतरी बदलतं."

बदलतं आमचंच यंत्र, इंटरनेटवरून आपोआप. हे मी त्यांना कुठेच सांगितलं नव्हतं. आज तशी ओळ घातली. बाबा उतरलेले दिसले, दाढी नव्हती केली. कामाचा ताण मी त्यांच्यावर फार टाकते का? एकदा चार तारीख होऊन जाऊ दे.

शनिवार, ४ डिसेंबर

लिहायचं नव्हतं. लिहिते.

बाबा टाय लावून आले, डोक्यावर हॅट. वाचनालयाचा हॉल भरलेला. पाच टेबलं, पाच माणसं: बाबा, एक टॅक्सीवाला, एक शिंपीण, एक गृहिणी, एक चर्चचा पेटीवादक. आम्ही काचेच्या पलीकडे. शिंपिणीने एकेचाळीस मिनिटांत सगळं लावलं आणि बसल्या जागी हात वर केले. टॅक्सीवाल्याला पन्नास मिनिटं. साठाव्या मिनिटाआत चौघं पार. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मारियेलोसच्या डोळ्यांत पाणी होतं, मी तिला कधी असं पाहिलं नव्हतं.

बाबा अजून कॅलेंडरपाशी होते. वर्ष मागे नेत होते, यंत्र 'नक्की ना?' विचारत होतं, ते 'हो' म्हणत होते. मग हॅट घालून उठले आणि दारातल्या मुलीला अदबीने काहीतरी विचारून परत येऊन बसले. ती मुलगी नंतर म्हणाली, ते लेकीची शाळा किती वाजता सुटते विचारत होते.

मी मारियेलोसला म्हटलं, "एक महिना दे. फक्त कॅलेंडर राहिलंय. वर्षाचा भाग मी मुळापासून परत लिहिते."

तिने मला मागच्या खोलीत नेलं आणि दार लावलं. टेबलावर पाच वह्या होत्या. तिने बाबांची वही उघडली. "ही पहिली अकरा पानं," म्हणाली. "पत्ता, नेहमीचा, नकाशा. यातली प्रत्येक चूक बाकीच्यांनीही केली होती. ती चूक आपली होती, आपण सुधारली." मग तिने पानं उलटली. "ऑक्टोबरपासून पुढे. अठ्ठ्याहत्तर साल. सात वेळा. दुसऱ्या कोणाचं एकदाही नाही. तीन ओर्तेन्सिया. दुसऱ्या कोणाच्या नाहीत. तू मूल. घड्याळ बदलणारा चोर. सीनिया, कॅलेंडरला काही झालेलं नाही."

मी म्हटलं, "तुला म्हणायचंय काय?"

"तुला कळलंय मला काय म्हणायचंय."

"केव्हापासून माहीत आहे तुला?"

तिने वही मिटली. "ऑक्टोबरपासून. मी बोलले नाही. त्यांच्या प्रत्येक चुकीने काम सुधारत होतं, आणि मला ते हवं होतं. मला माफ कर."

मी तिला नको ते बोलले. स्वार्थी म्हणाले, कसाई म्हणाले. वही उचलून आणली. बाहेर बाबा टॅक्सीवाल्याला त्याच्याच गाडीचं भाडं कसं चुकतं ते समजावत होते आणि दोघं खो खो हसत होते.

रविवार, ५ डिसेंबर

वही वाचली. माझ्याच अक्षरात सगळं लिहिलेलं आहे. तारखेवार. उजवीकडे दर ओळीला 'दुरुस्त केलं'.

शनिवार, ११ डिसेंबर

डॉक्टर तरुण होता, इथलाच. त्याने बाबांना विचारलं, आज कोणती तारीख? साल कोणतं? पत्ता काय? घरात कोण कोण असतं? तीन महिने मी हेच प्रश्न विचारत होते, फक्त रंगीत चौकटीत घालून.

पत्ता बाबांनी घडाघडा सांगितला. डॉक्टरने मान डोलावून बरोबरची खूण केली.

नंतर मला एकटीला म्हणाला, औषधाने थोडं धरून ठेवता येईल, परत आणता येणार नाही. आणि त्यांना सारखे प्रश्न विचारू नका, निवड करायला लावू नका. उत्तर चुकतंय हे त्यांना कळतं, आणि त्याची भीती वाटते.

घरी येताना बसमध्ये बाबा खिडकीपाशी बसले होते. उजव्या हाताला काय काय होतं ते सांगत होते. साखरेचा घाणा, चुन्याची भट्टी, ते मैदान जिथे आईने त्यांना पहिल्यांदा पाहिलं. मी एकही वाक्य दुरुस्त केलं नाही. आयुष्यातली इतकी सुंदर बसफेरी मला आठवत नाही.

डॉक्टरकडे जायच्या आधी, सोमवारीच, मारियेलोसला फोन करून माफी मागितली. ती म्हणाली, हवं तितकं घरून काम कर. निदियाकाकूंकडे जाऊनही मी तेच केलं. त्यांनी केळीच्या पानात बांधून वाफवलेले मक्याच्या पिठाचे तमाल हातात ठेवले.

शनिवार, १५ जानेवारी २००५

गेल्या आठवड्यात वेसिनो लोकांच्या हाती गेला. वर्तमानपत्रात आलं की इतकी समजणारी सेटिंगची खिडकी कुठे पाहिली नाही, आजीबाईसुद्धा लावतील. मारियेलोसने कात्रण पाठवलं. मी ते फ्रिजवर लावलं नाही.

मी महिनाभर इथेच आहे. बाबांना घर सोडावं लागलं नाही, मी सान होसेची खोली सोडली. पण यंत्रापाशी बसले की ते अजूनही ती खिडकी उघडायचे. साल मागे न्यायचे, यंत्र पुढे आणायचं. इंटरनेट बंद पडायचं. मग घाबरायचे, मुठी आवळायचे, मला हाक मारायचे, आणि मी आले की आपलं काय चुकलं हे मला विचारायचे.

म्हणून आज ते बागेत असताना मी त्यांच्या यंत्रावरून ती खिडकीच काढून टाकली. माझी चार वर्षांची मेहनत, दोन टिचक्यांत. कोणाच्याही घरातला माणूस स्वतःच्या यंत्राचा मालक असला पाहिजे, असं मी सभांमधून ओरडून सांगितलं आहे. आता माझ्या बापाच्या यंत्राची मालक मी. पडद्यावर फक्त एक कागद ठेवला, पत्र लिहायचा, अक्षरं मोठी. घड्याळही काढलं.

बाबा हात धुऊन आले. बसले. पडद्याकडे बघितलं. मला वाटलं, आता विचारणार कुठे गेलं सगळं, आणि मला खोटं बोलावं लागणार.

"आज काही विचारत नाही हा," म्हणाले.

"नाही विचारणार आता."

"हे बरं केलंस. आधी फार चौकशा करायचा." चष्मा सारखा केला. "शेवटी जमलं हं तुला, पोरी. एवढं सोपं आधी कधी केलं नव्हतंस. आता कोणालाही जमेल."

"हो बाबा."

"तुझ्या त्या बाईंना सांग. म्हणावं, ओतोनियलला जमलं."

'सांगते' म्हटलं आणि मी आत गेले. दाराआडून ऐकत उभी राहिले. दोन बोटांनी टक टक चाललं होतं, मध्येच थांबायचं, पुन्हा चालू. तासभर लिहीत होते. एकदाही त्यांनी मला हाक मारली नाही.